लॉन चेनी

लॉन चेनी (मूळ नाव : लिओनिडास फ्रँक चेनी, जन्म : १ एप्रिल १८८३, कोलोरॅडो स्प्रिंग्ज, कोलोरॅडो, मृत्यू : २६ ऑगस्ट १९३०, लॉस एंजेलिस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन मूकपटांच्या काळातील अभिनेते आणि रंगभूषाकार होते. 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' (१९२३) मधील कुबडा क्वासिमोदो आणि 'द फँटम ऑफ द ऑपेरा' (१९२५) मधील कवटीसारख्या चेहऱ्याचा फँटम या त्यांच्या सर्वाधिक गाजलेल्या भूमिका होत. या भूमिकांची रंगभूषा त्यांनी स्वतः योजली आणि स्वतःच केली. हजार चेहऱ्यांचा माणूस या नावाने ते ओळखले जात. राक्षसी, विद्रूप किंवा वृद्ध पात्रांची रंगभूषा ही चित्रपटातील एक स्वतंत्र कला म्हणून मान्य होण्यामागे त्यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. दीडशेहून अधिक चित्रपटांत त्यांनी कामे केली. त्यांपैकी बहुसंख्य चित्रपट आज उपलब्ध नाहीत.

बालपण

चेनी यांचे वडील फ्रँक चेनी आणि आई एमा केनेडी हे दोघेही कर्णबधिर होते. वडील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे केशकर्तनाचा व्यवसाय करीत. आईचे वडील जोनाथन केनेडी यांनी १८७४ मध्ये कोलोरॅडोतील मूकबधिरांच्या शाळेची स्थापना केली होती. या घरात चेनी भावंडे बोलण्याबरोबरच हातांच्या खुणांची भाषाही शिकली.

लॉन शाळकरी वयाचे असताना आईला तीव्र संधिवाताने अंथरुणाला खिळवले. तिच्या शुश्रूषेसाठी त्यांनी चौथीच्या सुमारास शाळा सोडली आणि पुढे औपचारिक शिक्षण घेतले नाही. घराबाहेर काय घडले, गावात कोण भेटले, कोण कसे चालत होते हे ते आईला खुणा, हावभाव आणि नकला यांतून दाखवीत. शब्दांवाचून एखादी व्यक्ती उभी करण्याचा सराव त्यांना असा लहानपणीच घडला. त्यांच्या पुढील अभिनयाचा पाया या काळात घातला गेला, याविषयी त्यांच्या चरित्रकारांत एकमत आहे.

रंगभूमीवरील वर्षे

किशोरवयात चेनी यांनी गावातील नाट्यगृहात सामानाची ने-आण करणारा मुलगा म्हणून काम केले. पाइक्स पीक या जवळच्या पर्वतावर ते पर्यटकांचे वाटाडेही होते. थोरले बंधू जॉन यांचा नाट्यव्यवसायाशी संबंध होता. त्यांच्याबरोबर १९०२ मध्ये लॉन रंगमंचावर आले आणि पुढील सुमारे दहा वर्षे निरनिराळ्या फिरत्या संगीत-विनोदी नाटक कंपन्यांत राहिले. या कंपन्यांत एकाच माणसाला नट, नर्तक, नृत्यदिग्दर्शक, नेपथ्याचा कामगार आणि व्यवस्थापक अशी अनेक कामे करावी लागत. त्या काळी प्रत्येक नट आपली रंगभूषा आपणच करीत असे, त्यामुळे हे कौशल्यही चेनी यांनी कामातूनच आत्मसात केले. मोजक्या साहित्यात आणि थोड्या वेळात चेहरा बदलण्याची सवय त्यांना येथे लागली.

१९०५ मध्ये त्यांचा विवाह गायिका क्लीव्हा क्राइटन हिच्याशी झाला. त्यांचा मुलगा क्राइटन १९०६ मध्ये जन्मला. हा संसार सुखाचा झाला नाही. एप्रिल १९१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या मॅजेस्टिक नाट्यगृहात चेनी काम करीत असताना क्लीव्हा तेथे आली आणि तिने विषारी पारदसंयुग प्राशन केले. ती वाचली, पण तिचा आवाज कायमचा बिघडला आणि गायनाची कारकीर्द संपली. प्रकरणाची सर्वत्र चर्चा झाल्यामुळे चेनी यांनाही नाटकात काम मिळणे कठीण झाले. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. मुलाचा ताबा वडिलांकडे आला, परंतु घर स्थिर नसल्याने त्याला काही काळ परक्या ठिकाणी राहावे लागले. १९१५ मध्ये चेनी यांनी पूर्वीची सहकलाकार हेझल हेस्टिंग्ज हिच्याशी विवाह केला आणि मुलाला घरी आणले. हा दुसरा विवाह अखेरपर्यंत टिकला.

चित्रपटात प्रवेश

नाटकाचे दरवाजे बंद होत असताना चेनी चित्रपटाकडे वळले. युनिव्हर्सल स्टुडिओत त्यांनी १९१३ ते १९१७ या काळात शंभराच्या आसपास, मुख्यत्वे लघुपटांत, कामे केली. १९१५ मध्ये काही लघुपट दिग्दर्शितही केले. स्टुडिओत तेव्हा स्वतंत्र रंगभूषा विभाग नव्हता. सकाळी फाटकाशी जमलेल्या नटांतून त्या दिवशी हव्या त्या प्रकारचा माणूस निवडला जाई. जो नट म्हातारा, खलाशी, दरोडेखोर किंवा भिकारी असे कोणतेही रूप घेऊ शके, त्याला रोजचे काम मिळण्याची शक्यता अधिक असे. चेनी आपली रंगपेटी बरोबर बाळगीत आणि लागेल ते रूप धारण करीत. ज्या कलेसाठी ते पुढे प्रसिद्ध झाले, तिची सुरुवात अशी रोजीरोटीच्या गरजेतून झाली.

वेतनवाढ नाकारली गेल्यामुळे त्यांनी युनिव्हर्सल सोडले. त्यानंतर काही काळ काम मिळाले नाही. १९१८ च्या 'रिडल गॉन' या चित्रपटात त्यांनी विल्यम एस. हार्ट या लोकप्रिय नटासमोर खलनायकाची भूमिका केली आणि तेव्हापासून त्यांच्याकडे निर्मात्यांचे लक्ष वेधले गेले.

'द मिरॅकल मॅन' आणि 'द पेनल्टी'

जॉर्ज लोन टकर दिग्दर्शित 'द मिरॅकल मॅन' (१९१९) या चित्रपटात चेनी यांनी फ्रॉग नावाच्या भामट्याचे काम केले. हा भामटा अपंग असल्याचे सोंग घेतो आणि साधुपुरुषासमोर आपले वाकडे हातपाय हळूहळू सरळ करून चमत्कार झाल्याचा देखावा करतो. येथे रंगभूषेपेक्षा शरीरावरील ताबा महत्त्वाचा होता. चित्रपट अतिशय यशस्वी झाला. आज त्याचे काही मिनिटांचेच चित्रण शिल्लक आहे. सुदैवाने त्यात हा प्रसंग आहे.

'द पेनल्टी' (१९२०) मध्ये त्यांनी ब्लिझर्ड या गुन्हेगारांच्या म्होरक्याची भूमिका केली. लहानपणी एका डॉक्टरच्या चुकीमुळे त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापासून कापले गेलेले असतात. यासाठी चेनी यांनी पोटऱ्या मागे दुमडून मांड्यांशी पट्ट्यांनी जखडल्या, गुडघे चामड्याच्या खोबणींत घातले आणि कुबड्या घेऊन ते गुडघ्यांवर चालले. मागे दुमडलेले पाय झाकण्यासाठी लांब कोट वापरला होता. रक्तप्रवाह थांबून वेदना असह्य होत असल्याने एका वेळी थोडाच वेळ चित्रीकरण करता येई. पाय नसलेला हा माणूस चित्रपटात शिड्या चढतो आणि उड्या मारतो; ही कामे चेनी यांनी स्वतः केली.

क्वासिमोदो

व्हिक्टर ह्यूगो यांच्या कादंबरीवर आधारित 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' साठी चेनी १९२३ मध्ये युनिव्हर्सलमध्ये परतले. या वेळी मुख्य नट म्हणून. वॉलेस वर्स्ली हे दिग्दर्शक होते. चित्रपटासाठी स्टुडिओच्या आवारात नोत्र दाम चर्चच्या दर्शनी भागाची भव्य प्रतिकृती उभारण्यात आली. ह्यूगो यांनी केलेले क्वासिमोदोचे वर्णन चेनी यांनी आधाराला घेतले. कापूस आणि कोलोडियन यांचे थर देऊन त्यांनी गाल फुगवले, एक डोळा झाकून टाकला, वेडेवाकडे दात बसवले आणि पाठीवर पट्ट्यांनी प्लॅस्टरचे कुबड बांधले. रोजच्या तयारीला काही तास लागत.

हे कुबड सत्तर पौंडांच्या आसपास वजनाचे होते, अशी जाहिरात त्या काळी झाली आणि ती अनेक पुस्तकांत शिरली. स्वतः रंगभूषाकार असलेले चरित्रकार मायकेल ब्लेक यांनी तपासणी करून वजन यापेक्षा पुष्कळ कमी असल्याचे दाखवून दिले. भूमिकेची कठीणता यामुळे कमी होत नाही. कमरेतून सतत वाकून आणि एका डोळ्याने पाहत चेनी यांना चर्चच्या भिंतीवरून चढउतार करण्याचे प्रसंग वठवायचे होते.

कादंबरीतील क्वासिमोदो चर्चच्या घंटांच्या आवाजाने बहिरा झालेला आहे. बहिऱ्या माणसाभोवतीचे जग चेनी यांना घरातूनच परिचित होते. गर्दीसमोर चाबकाचे फटके खाणारा आणि पाण्यासाठी तळमळणारा क्वासिमोदो प्रेक्षकांच्या मनात भीतीहून अधिक करुणा निर्माण करतो. जाड थरांखालीही चेहऱ्याची हालचाल दिसेल अशी रंगभूषेची रचना असल्यामुळे हे शक्य झाले.

फँटम

'द फँटम ऑफ द ऑपेरा' हा गास्तों लेरू यांच्या १९१० च्या कादंबरीवर आधारित चित्रपट रुपर्ट ज्युलियन यांनी दिग्दर्शित केला. पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या तळघरात लपून राहणाऱ्या एरिकचा चेहरा लेरू यांनी कवटीसारखा वर्णिला आहे. चेनी यांनी गालांची हाडे उंचावली, नाकाचा शेंडा वर ओढून नाकपुड्यांना काळा रंग दिला, डोळ्यांभोवती गडद छटा भरल्या, दात पुढे आणले, कान डोक्याला चिकटवले आणि उंच कपाळाचा विरळ केसांचा टोप घातला. क्वासिमोदोच्या चेहऱ्यावर भर घातली होती. येथे भर कमी आणि छायाप्रकाशाचा वापर अधिक होता. भरीव गालाला खोलगट दाखवण्याचे काम रंग करीत होता.

चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत स्टुडिओने या चेहऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध होऊ दिले नाही. मेरी फिल्बिन यांनी साकारलेली ख्रिस्तीन मागून येऊन फँटमचा मुखवटा ओढते, तो क्षण प्रेक्षकांना पूर्णपणे अनपेक्षित होता. या दृश्यात प्रेक्षकाला चेहरा आधी दिसतो आणि ख्रिस्तीनला नंतर. भयपटांच्या इतिहासात या दृश्याचा आजही आवर्जून उल्लेख होतो. १९९८ मध्ये या चित्रपटाचा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश झाला.

रंगभूषेचे तंत्र

चेनी यांच्या काळात साच्यात ओतून तयार केलेले मऊ रबरी अवयव उपलब्ध नव्हते. फेसाळ लॅटेक्सचा चित्रपटांतील वापर त्यांच्या मृत्यूनंतर, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. त्यामुळे प्रत्येक चेहरा रोज सकाळी नव्याने घडवावा लागे आणि आदल्या दिवशीच्या चेहऱ्याशी तो तंतोतंत जुळावा लागे. त्यांच्या कामातील प्रमुख साधने पुढीलप्रमाणे होती :

कोलोडियन आणि कापूस : कोलोडियन हे ईथर व अल्कोहोल यांत विरघळवलेल्या नायट्रोसेल्युलोजचे चिकट द्रावण होय. ते वाळल्यावर पातळ, घट्ट पापुद्रा उरतो. कापसाचे थर त्यात भिजवून गाल, भुवया किंवा हनुवटीचा आकार वाढवता येतो. आकसणाऱ्या प्रकारचे कोलोडियन नुसते त्वचेवर लावल्यास त्वचा ओढली जाऊन व्रण दिसतो.

फिश स्किन आणि स्पिरिट गम : फिश स्किन या नावाने मिळणारा पातळ, पारदर्शक पापुद्रा डिंकासारख्या स्पिरिट गमने चिकटवून नाकाचा शेंडा वर किंवा डोळ्यांच्या कडा बाजूला ओढल्या जात.

पुट्टी, कृत्रिम दात आणि केस : नाकाचा आकार बदलण्यासाठी पुट्टी, जबड्याची ठेवण बदलण्यासाठी गटापर्चाचे दात, तसेच टोप आणि चिकटवलेल्या दाढीमिशा.

ग्रीसपेंट : तेलकट रंगकांड्या. सुरुवातीच्या फिल्मला लाल रंगाची जाणीव जवळजवळ नव्हती, त्यामुळे लाल रंग पडद्यावर काळा आणि निळा रंग फिकट दिसे. रंग आरशात कसा दिसतो यापेक्षा तो फिल्मवर कसा उमटेल याचा अंदाज रंगभूषाकाराला बांधावा लागे.

रंगभूषा हे पात्राच्या स्वभावापर्यंत पोचण्याचे साधन आहे, अशी चेनी यांची भूमिका होती. चेहरा ठरवण्यापूर्वी पात्राचा भूतकाळ, चालण्याची ढब आणि हातांच्या सवयी यांचा ते विचार करीत. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९२९ च्या चौदाव्या आवृत्तीसाठी चित्रपटातील रंगभूषेवरील लेखन त्यांनी केले. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला विश्वकोशासाठी लिहिण्यास पाचारण होणे हे या कलेला आणि त्यांच्या अधिकाराला मिळालेल्या मान्यतेचे द्योतक होते.

एमजीएम आणि टॉड ब्राउनिंग

१९२४ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या एमजीएम स्टुडिओच्या 'ही हू गेट्स स्लॅप्ड' या चित्रपटात चेनी यांनी अपमानित होऊन सर्कशीत विदूषक बनलेल्या शास्त्रज्ञाची भूमिका केली. त्यानंतर लवकरच ते या स्टुडिओशी करारबद्ध झाले आणि तेथील सर्वाधिक लोकप्रिय नटांपैकी एक ठरले. पायाखालचा कोळी चिरडू नये, कदाचित तो लॉन चेनी असेल, असा विनोद त्या काळी अमेरिकेत प्रचलित होता.

दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग यांच्याबरोबर त्यांनी एकूण दहा चित्रपट केले. त्यांपैकी 'द अननोन' (१९२७) मध्ये ते हात नसल्याचे ढोंग करणाऱ्या आणि पुढे प्रेमापोटी खरोखरच हात कापून घेणाऱ्या सर्कशीतील कलाकाराच्या भूमिकेत आहेत. जोन क्रॉफर्ड या त्यात नायिका होत्या. पायांनी करायच्या काही क्रियांसाठी प्रत्यक्षात हात नसलेल्या एका कलाकाराची मदत घेण्यात आली होती. 'लंडन आफ्टर मिडनाइट' (१९२७) मधील टोकदार दातांचे, विस्फारलेल्या डोळ्यांचे रूप केवळ छायाचित्रांतून परिचित आहे. या चित्रपटाची अखेरची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएमच्या कोठाराला लागलेल्या आगीत नष्ट झाली.

'टेल इट टू द मरीन्स' (१९२६) मध्ये त्यांनी कोणत्याही विशेष रंगभूषेशिवाय कडक शिस्तीच्या सार्जंटचे काम केले. मरीन दलाने या भूमिकेचे कौतुक करून त्यांना मानद सदस्यत्व दिले. केवळ रंगभूषेवर अवलंबून असलेला नट, हा त्यांच्याविषयीचा समज या चित्रपटाने खोडून काढला.

पुनर्मूल्यांकन

'शॅडोज' (१९२२) आणि 'मिस्टर वू' (१९२७) यांसारख्या चित्रपटांत चेनी यांनी चिनी पात्रे साकारली. तंत्राच्या दृष्टीने 'मिस्टर वू' मधील वयोवृद्ध आजोबांची रंगभूषा त्यांच्या उत्कृष्ट कामांत गणली जाते. त्याच चित्रपटात चिनी वंशाच्या अमेरिकन अभिनेत्री ॲना मे वाँग यांच्या वाट्याला दुय्यम भूमिका आली आणि वूच्या मुलीचे मुख्य काम रेने अडोरे या फ्रेंच अभिनेत्रीला मिळाले. गोऱ्या नटांनी आशियाई पात्रे करण्याच्या तत्कालीन प्रथेवर आज टीका होते आणि चेनी यांच्या या भूमिकाही तीतून सुटत नाहीत. अपंगत्वाला सूडभावनेशी जोडणाऱ्या कथांबाबतही असाच आक्षेप घेतला जातो. मात्र विद्रूप शरीरातील माणसाचे दुःख प्रेक्षकांपर्यंत पोचवण्याची त्यांची क्षमता टीकाकारही मान्य करतात.

बोलपट आणि मृत्यू

बोलपट आल्यानंतर चेनी यांनी त्यात उतरण्यास बराच काळ घेतला. मूकपट 'द अनहोली थ्री' (१९२५) चे बोलपटात रूपांतर करण्याचे ठरले तेव्हा ते तयार झाले. जॅक कॉन्वे दिग्दर्शित हा चित्रपट जुलै १९३० मध्ये प्रदर्शित झाला. त्यात त्यांनी शब्दभ्रमकार, म्हातारी, बाहुला, पोपट आणि मुलगी असे पाच आवाज काढले. हे आवाज त्यांचेच असल्याचे शपथपत्र प्रसिद्धीसाठी करण्यात आले. चेहरे बदलणारा नट आवाजही बदलू शकतो हे यातून सिद्ध झाले.

तोपर्यंत ते गंभीर आजारी होते. १९२९ मध्ये 'थंडर' च्या हिवाळी चित्रीकरणाच्या काळात त्यांची प्रकृती ढासळली आणि पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले. ते अतिशय धूम्रपान करीत. चित्रीकरणातील कृत्रिम बर्फाचा कण घशात अडकल्याने आजार झाला, ही कथा लोकप्रिय असली तरी मृत्यूचे मूळ कारण कर्करोग हेच होते. अखेरच्या दिवसांत त्यांचे बोलणे बंद झाले आणि लहानपणी आईवडिलांशी वापरलेल्या खुणांचा त्यांना आधार घ्यावा लागला, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. २६ ऑगस्ट १९३० रोजी घशातील रक्तस्रावाने वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीला मरीन दलाने मानवंदना दिली. ग्लेनडेल येथील फॉरेस्ट लॉन स्मशानभूमीत त्यांचे दफनस्थान असून त्यावर नाव कोरलेले नाही.

खाजगी जीवनात चेनी प्रसिद्धीपासून दूर राहत. समारंभांना ते क्वचितच जात. मासेमारी आणि डोंगरातील मुक्काम त्यांना प्रिय होता. सिएरा नेवाडा पर्वतात वास्तुविशारद पॉल आर. विल्यम्स यांच्याकडून त्यांनी बांधून घेतलेले दगडी घर आजही उभे आहे.

वारसा

चेनी यांनी शाळा काढली नाही किंवा शिष्य तयार केले नाहीत; त्यांचे काम पाहूनच पुढील पिढी शिकली. त्यांच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी युनिव्हर्सलच्या 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) मध्ये जॅक पिअर्स यांनी बोरिस कार्लोफ यांचा चेहरा कापूस आणि कोलोडियन यांच्याच साहाय्याने घडवला. यानंतर स्टुडिओंचे रंगभूषा विभाग स्थिरावले, नट आणि रंगभूषाकार ही कामे वेगळी झाली आणि स्वतःचा चेहरा स्वतः घडवणाऱ्या नटांची परंपरा मागे पडली.

त्यांचा मुलगा क्राइटन वडिलांच्या मृत्यूनंतर चित्रपटात आला आणि पुढे लॉन चेनी ज्युनियर या नावाने ओळखला जाऊ लागला. 'द वुल्फ मॅन' (१९४१) मधील त्याची रंगभूषा पिअर्स यांची होती. चेनी यांच्या जीवनावरील 'मॅन ऑफ अ थाउजंड फेसेस' (१९५७) या चित्रपटात जेम्स कॅग्नी यांनी त्यांची भूमिका केली. त्यात अनेक घटना कल्पित आहेत. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९४ मध्ये मूकपटांतील कलाकारांच्या मालिकेत आणि १९९७ मध्ये फँटमच्या रूपात त्यांच्यावर तिकिटे काढली. हॉलिवूड वॉक ऑफ फेमवर त्यांच्या नावाचा तारा आहे. त्यांची रंगपेटी लॉस एंजेलिस काउंटीच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जतन केलेली आहे.

निवडक चित्रपट

द मिरॅकल मॅन (१९१९)
द पेनल्टी (१९२०)
ऑलिव्हर ट्विस्ट (१९२२)
द हंचबॅक ऑफ नोत्र दाम (१९२३)
ही हू गेट्स स्लॅप्ड (१९२४)
द अनहोली थ्री (१९२५)
द फँटम ऑफ द ऑपेरा (१९२५)
टेल इट टू द मरीन्स (१९२६)
मिस्टर वू (१९२७)
द अननोन (१९२७)
लंडन आफ्टर मिडनाइट (१९२७)
लाफ, क्लाउन, लाफ (१९२८)
वेस्ट ऑफ झांझिबार (१९२८)
द अनहोली थ्री (बोलपट, १९३०)